भिंतीवरून उतरवलेलं साधन

एप्रिल लागला की माझ्या घरात दोन वास एकमेकांशी भांडतात. एक कूलरला नव्यानं लावलेल्या ओल्या वाळ्याचा, दुसरा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचा. गठ्ठ्यांना कसला आलाय वास, असं ज्याला वाटतं त्यानं नागपूरच्या उन्हाळ्यात एकदा माझ्याकडे यावं. शाई, घाम आणि भीती यांचा एकत्र वास येतो. मी हुडकेश्वरकडे घर बांधलं तेव्हा लोक म्हणाले, इतक्या लांब कोण येणार? कुणी येत नाही. उत्तरपत्रिका मात्र न चुकता येतात. मग बाहेर शेतांवर झळा नाचत असताना मी बनियनवर, कूलरसमोर, एखाद्या सुलतानासारखा दरबार भरवतो आणि एकेका पोराला हजर करतो.

मी इतिहास शिकवतो. दरवर्षी एक प्रश्न माझ्याकडून हटकून पडतो. 'ऐतिहासिक साधनाची उपयुक्तता कशी ठरवाल? उदाहरणासह लिहा.' उत्तरं अशी येतात की कूलर बंद करून हसावं. एकानं लिहिलं होतं, 'साधने दोन प्रकारची असतात, विश्वसनीय साधने आणि आजोबा.' एका मुलीनं लिहिलं, 'ताम्रपट हे सर्वांत उपयुक्त साधन होय, कारण त्याला वाळवी लागत नाही.' आता याचं खंडन करून दाखवा! मी दोघांनाही सढळ हातानं मार्क दिले. पण एखाद्या पेपरात एक साधं वाक्य येतं. 'साधन खोटे असल्यास त्याचा उपयोग नाही.' तिथं माझी लाल पेन्सिल थांबते. मी उठतो, माठातलं पाणी पितो, ज्याला काही झालेलं नाही तो कूलर ठोकून बघतो.

हे वाक्य मीही लिहिलं होतं. याहून चांगल्या मराठीत लिहिलं होतं आणि वर्गात सगळ्यांत जास्त मार्क घेतले होते.

साठीचं दशक उताराला लागलं होतं. मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. रेल्वे स्टेशनच्या मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या, आणि त्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. बाबा, मी आणि भिंतीवरची आई. आई मी अकरा महिन्यांचा असताना गेली. त्यामुळे तिला ओळखायचं म्हणजे फोटोतच ओळखायचं. लाकडी खुर्चीत बसलेली, डोक्यावरून पदर, एक हात खुर्चीच्या हातावर, आणि ओठ असे की आता हसणार, अगदी आत्ता हसणार. बाबा पार्सल ऑफिसात होते. संत्र्यांच्या पेट्यांवर काळ्या रंगानं गावांची नावं लिहायचे. हावडा, दिल्ली, मद्रास. त्याच ब्रशनं त्यांनी फोटोच्या खाली लिहिलं होतं, 'सौ. सुशीला'. आधी 'कै.' लिहिलेलं नव्हतं. मी लहानपणी विचारलं तर म्हणाले, "जागा नोती."

मी असा बडबड्या, गोष्टीवेल्हाळ का झालो, असं माझी बायको कपाळाला हात लावून विचारते. तिला कसं सांगू की माझा पहिला श्रोता भिंतीवर होता! शाळेतून आलो की दप्तर फेकून मी फोटोपुढे उभा राहायचो. मास्तरांच्या नकला करायचो, भांडणं दोन्ही बाजूंनी करून दाखवायचो, मध्येच मरूनही दाखवायचो. ती नेहमीच हसण्याच्या बेतात. मला वाटे, अजून थोडी चांगली गोष्ट जमली तर पूर्ण हसेल. कधी कधी, विशेषतः दुपारी ऊन सरकून काचेवर आलं की, हसलीच असंही वाटे. मग मी वाकून नमस्कार करायचो आणि खेळायला पळायचो.

त्या मार्चमध्येही मी अभ्यास तिच्यापुढेच करत होतो. काटोल रोडला पळस पेटलेला, गल्लीत कडुनिंबाचा बारीक मोहोर सायकलींच्या सीटवर पडलेला, खिडकीला ओलं पोतं. आमचे खानझोडे सर इतिहासाच्या साधनांवर शिकवत होते. गुटगुटीत, बुटके, नागपुरी बोलण्याची मुळीच लाज नसलेले. चार बोटं वर धरायचे आणि गर्जना करायचे, "कोणतंही साधन हाती आलं का त्याले चार प्रश्न विचारायचे. कोणं केलं? केव्हा केलं? काहून केलं? कोणासाठी केलं?" माझ्यासारख्या हुशार पोरांना पहिल्या दोन प्रश्नांतच इतकी मजा यायची की उरलेली दोन बोटं आम्ही पाहतच नव्हतो. जगातलं प्रत्येक कागदपत्र खोटं पाडावं असं झालं होतं. मी शेजारच्या काकांचा जन्मदाखला खोटा ठरवला. हनुमान मंदिराच्या कोनशिलेवरचं साल खोटं ठरवलं. पुजारी चिडला. मला फार आनंद झाला.

अशात शांतामावशी आली. आईची धाकटी बहीण. लग्न न झालेली, काटोलला भावाकडे राहायची. दर वर्षी मृग बहराची संत्री निघाली की एसटीनं पिशवी भरून संत्री घेऊन यायची, दोन दिवस राहायची, आमची भांडी घासून चकचकीत करायची आणि जायची. दिसायला फोटोसारखी. पण सख्ख्या बहिणी, दिसणारच सारख्या, असं सगळे म्हणायचे आणि मीही म्हणायचो. एकच गोष्ट विचित्र होती. आमच्या घरात ती नेहमी फोटोकडे पाठ करून बसायची.

रविवारची दुपार. बाबा वरण-भात कालवत होते, मावशी जेवणानंतरची संत्री सोलत होती, आणि मी ताटावर बसूनही टिपणं वाचत होतो. तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, मधल्या पेरावर आत वळलेली. लहानपणापासून पाहिलेली. फोटोतल्या आईचीही करंगळी तशीच, म्हणून मी ती घराण्याची खूण समजत होतो आणि माझी सरळ निघाली याचं मला थोडं वाईटही वाटायचं. त्या दिवशी सहज विचारलं, "मावशी, ही करंगळी अशी काहून वं तुही?"

"हे? रहाटात सापडली. दहा-अकरा वर्साची असन मी. सुशीबाईनं अशी बोंब ठोकली का सारं गाव विहिरीवर धावलं. माह्या डोळ्यात टिपूस नाही, रडे तेच."

"मंग मायची कशी वाकडी झाली?"

"तिची काहून वाकडी राहीन? शेंगेवानी सरळ बोटं होती तिची."

बोलून झालं आणि सोलणारा हात थांबला. बाबांचा कालवणारा हात थांबला. मी वर पाहिलं. खुर्चीच्या हातावर ठेवलेला हात. डावा. करंगळी आत वळलेली.

चांगला माणूस इथं गप्प बसला असता. मी उठून उभा राहिलो! एवढं मोठं खोटं सापडण्याचं भाग्य कोणाला मिळतं? मी घसा साफ केला, कोर्टात असतात तसा एक हात पाठीमागे घेतला आणि म्हणालो, "साधन क्रमांक एक, भिंतीवरचा फोटो. साधन क्रमांक दोन…" आणि मावशीचं मनगट धरून तिचा हात वर फोटोशेजारी नेला. "चेहरा जुळवून आणला, पण हाताकडे कोणाचंच लक्ष नाही गेलं! बाबा, हा फोटो मायचा नाहीच. हे साधन बनावट आहे!"

मावशीच्या कोपरापर्यंत संत्र्याचा रस ओघळत होता.

"सोड गा," ती म्हणाली. "हात दुखून राहिला."

बाबांनी भात संपवला. ताटातच हात धुतले. मग विचारलं, "पेपर कधी हाये तुहा?"

"पुढच्या सोमवारी."

"मंग अभ्यास कर."

एका पुराव्यावर थांबायचं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बर्डीच्या बाजारात गेलो. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का होता हे मला आठवत होतं. एका जिन्यावर, कापड दुकानाच्या वर, तो स्टुडिओ अजून होता आणि म्हातारा फोटोग्राफरही होता. मी नुसतं 'वाकडी करंगळी' म्हटलं, तर तो खुर्चीतून उठला. "अरे बाप्पा, ते! मेलेल्या बहिणीचं लुगडं नेसून आली होती. चार वेळा बसवली, चारही वेळा डोळे भरून आले. शेवटी मी म्हटलं, बाई, लेकराले रडकी माय देता का? तवा हासली. एका झटक्यात काढून घेतला." मग त्यानं चष्मा पुसत विचारलं, "लेकरू आता मोठं झालं असन नाही?"

"हो," मी म्हणालो, आणि वहीत लिहिलं, 'प्रत्यक्ष साक्षीदाराकडून पुष्टी.' तो आणखी जे काही बोलला ते मी जिन्यावरच टाकून आलो.

घरी आलो तर भिंत रिकामी. रिकाम्या जागी पांढराशुभ्र चौकोन उरला होता वगैरे मी तुम्हाला सांगू शकतो, लेखात शोभूनही दिसेल. पण आमची भिंत शेगडीच्या धुरानं काळवंडलेली होती, चौकोन जेमतेम थोडा कमी काळा होता. मावशी दुपारच्या बसनं गेली होती. बाबा ड्यूटीवर निघताना चपला घालत म्हणाले, "तुह्या कामाचा नाही ना तो आता? शांताले देऊन टाकला." आवाजात राग नव्हता. चौकशीच्या खिडकीवरचा बाबू गाडी गेली असं सांगतो, तसं त्यांनी सांगितलं.

पेपरात मी हेच उदाहरण लिहिलं. नावं बदलून, 'एका कुटुंबात' असं म्हणून. सुंदर उत्तर होतं. बाह्य परीक्षण, अंतर्गत परीक्षण, साक्षीदार आणि शेवटी ते वाक्य. सबब हे साधन बनावट असल्यानं त्याचा इतिहासाला उपयोग नाही. निकालानंतर खानझोडे सरांनी मला बोलावलं, पाठ थोपटली, चहा पाजला. मग बशीत ओतलेल्या चहाकडे बघत म्हणाले, "फक्त एक सांग. त्या पोट्ट्यानं त्या फोटोले इतकंच विचारलं का तू खरा का खोटा. तो काहून काढला, कोणासाठी काढला, हे नाही विचारलं काय?"

"नाही सर."

"काहून?"

तोंडी परीक्षा असती तर मी तिथं नापास झालो असतो.

त्यानंतरचा प्रत्येक मार्च मला लाकडासारखा कोरडा आठवतो. मावशीची संत्री येत राहिली, पण कुणाच्या तरी हाती. बाबा आणि मी जेवताना पेपराबद्दल, पाण्याच्या टाकीबद्दल, क्रिकेटबद्दल बोलत राहिलो. मी नोकरीला लागलो, लग्न केलं, वर्गात पोरांना हसवून हसवून बेजार केलं. घरी आल्यावर सांगायच्या गोष्टी मात्र भिंतीपाशी येऊन अडायच्या. बाबांनी तिथं काही टांगलं नाही, मीही नाही. एकदा बाबा आजारी असताना मी धीर करून म्हटलं, "बाबा, तो फोटो…" त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "पंखा कमी कर." ते गेले तेव्हा मावशी आली, दहा दिवस राहिली, त्यांच्या फोटोला हार घालताना मला मदत केली. बाबांचा फोटो रेल्वेच्या पासवरचा, मोठा करून घेतलेला. शंभर टक्के अस्सल. एकदाही त्याच्याशी बोलावंसं वाटलं नाही. मावशीला मी तेव्हाही काही विचारलं नाही. लाज ही अशी गोष्ट आहे की ती जितकी जुनी होते तितकी तिला तोंड फोडणं कठीण जातं.

गेल्या वर्षी, याच दिवसांत, माझी मुलगी जेवता जेवता म्हणाली, "बाबा, आपल्याकडे आजीचा फोटोच नाही का?"

"आहे," मी म्हणालो. "काटोलला आहे."

आणि पेपर अर्धवट टाकून दुसऱ्या दिवशी काटोलच्या बसमध्ये बसलो. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. रस्त्याला पळस झडून गेला होता. मामाच्या घरामागे मांडवात संत्र्यांचे ढीग होते आणि मावशी त्यांत बसून फळं निवडत होती. साठीला टेकलेली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण फळ अंगठ्यानं दाबूनच कळायचं तिला, कुठलं पोकळ आणि कुठलं भरलेलं.

"काय गा वसंता, उन्हाचा आला! पानी पी पहिले."

पाणी प्यालो. इकडचं तिकडचं झालं. मग म्हटलं, "मावशी, तो फोटो न्यायला आलो."

"कोणता?"

"भिंतीवरचा. मायचा."

तिनं हातातलं फळ ढिगावर ठेवलं. "तो कुठी आता? तो नदीले सोडला मी. त्याच वर्सी."

"नदीत?"

"भिंतीवरून उतरवला तं काय करतेत मंग? देव उतरवला तं तो कोठीत टाकून ठेवतेत काय? आखाडी येईपावतर वाट पाह्यली तुही. म्हटलं येईन वसंता न्याले, राग उतरला का. नाही आला तू. नदीले पानी आलं, मंग कुंकू लावून सोडला."

राग! तिला वाटलं होतं, मी रागावलो होतो. मी रागावलो नव्हतो मावशी, मी खूश झालो होतो. हे मी तिला सांगितलं नाही. अजूनही कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगतो आहे.

मग उरलेले दोन प्रश्न विचारले. वीस वर्षं उशिरा, संत्र्यांच्या ढिगात मांडी घालून. तिनं फळं निवडता निवडता उत्तरं दिली, जशी काही ती दुसऱ्या कुणाची गोष्ट होती. मी तीन वर्षांचा होतो. घरात तेलाच्या जाहिरातीचं एक कॅलेंडर होतं, त्यावरच्या बाईला मी माय म्हणायचो. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो, ही माही माय. महिना बदलला, बाबांनी पान उलटलं, बाई गेली, आणि मी दोन दिवस जेवलो नाही. आईचा फोटो कुणी कधी काढलेलाच नव्हता. तेव्हा बाबा काटोलला आले आणि तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, शांता, एक घंटाभर बसशील काय?

"अन् तू गेलीस."

"गेली. सुशीबाईचंच लुगडं होतं, तिचीच काळ्या मण्याची पोत. माहं जमलं होतं तवा, नरखेडकडे. पोरगा मास्तर होता. त्याच्या मामानं पाह्यलं मले बर्डीवर, भाऊजीसंगं जिन्यावरून उतरताना, गळ्यात पोत, कपाळाले कुंकू. मंग मोडलं."

"सांगायचं ना त्यांना! फोटोसाठी होतं म्हणून!"

"सांगितलं असतं तं चार गावात झालं असतं. चार गावात झालं तं तुह्या कानावर आलं असतं." तिनं एक सडकं फळ बाजूला टाकलं. "मंग फोटो काढून फायदा काय?"

मांडवाच्या कुडातून उन्हाच्या पट्ट्या तिच्या अंगावर पडल्या होत्या. मी बोलणारा माणूस. लग्नात, बारशात, बसच्या रांगेत बोलणारा. शेवटी एवढंच म्हणालो, "आणि मी बाबांपुढं तुझा हात धरून सांगितलं, ही तू आहेस म्हणून."

"मी कुठी होती त्याच्यात?" ती म्हणाली, खरोखर आश्चर्यानं. "मी नुसती बसली होती गा. हासणं सुशीबाईचंच होतं. तो फोटोवाला म्हणे हास, तं मले काही हासू येईना. मंग म्हटलं, ते कशी हासे, तशी हासून पाहू. अन् जमलं. मलेच भेव वाटलं, इतकं जमलं."

म्हणजे त्या फोटोत ती होती. अठरा-एकोणीस वर्षं मी जिच्यापुढे नकला केल्या, ती हसायच्या बेतातली बाई खरीच माझी आई होती. तिचं हसणं जगात एकाच ठिकाणी उतरवून ठेवलेलं होतं, आणि ते मी बोट दाखवून भिंतीवरून काढायला लावलं. मी तिथंच डोळे मिटून तो चेहरा आठवायला लागलो. करंगळी आली. स्पष्ट, पेराच्या सुरकुतीसकट, नखासकट. तिच्या मागे चेहरा असेल म्हणून मी ती बाजूला सारायचा प्रयत्न केला. ती बाजूला होईना. त्या रविवारच्या दुपारी शेवटचं मी जे पाहिलं तेच माझ्यापाशी उरलं होतं.

"मावशी," मी म्हणालो, "एकदा हसून दाखव. तिच्यावानी."

"आता? येडा झाला काय? तोंडात दात कुठी हायेत?"

"दाखव वं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पदरानं तोंड पुसलं, पदर डोक्यावर घेतला, पाठ ताठ केली. ढिगावरचा हात उचलून गुडघ्यावर ठेवला आणि दुसरा त्यावर ठेवून करंगळी झाकली. डोळे मिटून थोडा वेळ बसली, काहीतरी शोधत असल्यासारखी. मग उघडले आणि हसली.

मी पाहत राहिलो. ओठांचे कोपरे, गालाची घडी, डोळ्यांत आलेलं पाणी. पाहिलं, पुन्हा पाहिलं. कशाशी ताडून बघू? माझ्यापाशी ताडायला काही नव्हतं.

तिनं हसू तसंच धरून ठेवलं होतं. ते मोडू नये म्हणून ओठ न हलवता तिनं विचारलं, "आली का गा?"

"आली," मी म्हणालो.